गिअरबॉक्सच्या बोल्टवरचा गंज

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या वॉचमनकाकांनी हाक मारली. "ताई, तुमच्या गाडीखाली बघा जरा, तेल सांडलंय." फरशीवर तळहाताएवढा काळा डाग होता. त्याच आठवड्यात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता, आणि सिग्नलला उभी असताना गाडी थरथरत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. ते सुचलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

गाडी २०१४ची, पेट्रोलवरची लहान हॅचबॅक. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. दर महिन्याला मी पुण्याहून पाटण तालुक्यात आईवडिलांकडे जाते. जाताना खंबाटकीचा घाट, येताना बोगदा, आणि बरेचदा गाडीत मी एकटीच. रविवारी निघायचं होतं म्हणून शुक्रवारी कामावरून परतताना हायवेलगतच्या एका मोठ्या गॅरेजात गाडी घातली. लिफ्ट होती, स्वच्छ फरशी होती, गिऱ्हाइकांना बसायला एसी खोली होती. हे सगळं पाहून माझा विश्वास बसला.

मालकाने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि टॅब माझ्यासमोर धरला. लाल अक्षरांत आकडा होता, पी०३०१. "हा बघा मॅडम, कोड आला. इंजिन लीकेज." मग गाडी लिफ्टवर चढवून इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे बोट दाखवलं. खरंच तिथे तेलाचे थेंब लोंबत होते. "मेन सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागणार. उतरवतोच आहोत तर क्लच पण बदलून घ्या, पुन्हा मजुरी पडायला नको." मेन सील म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथलं तेल अडवणारं रबर.

गावाहून आल्यावर केलं तर चालेल का, असं मी विचारलं. "मर्जी तुमची मॅडम. घाटात इंजिन सीझ झालं तर सत्तर-ऐंशी हजारांना बसेल, मग मला म्हणू नका."

घाट, एकटी बाई आणि बंद पडलेलं इंजिन हे चित्र त्याने एका वाक्यात उभं केलं आणि मी हो म्हणून टाकलं. त्या अर्ध्या तासात डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, कोणीही बाहेर काढली नाही. मीही नाही. काढली असती तर तेल वरच्या खुणेपासून जेमतेम पाव हिस्सा उतरलेलं दिसलं असतं. बहुतेक लहान गाड्यांत डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. माझ्या गाडीतून दोन महिन्यांत पाव लिटर तेल गेलं होतं. एवढ्याने इंजिन सीझ होत नाही. फरशीवर मात्र चमचाभर तेलही वाटीभर सांडल्यासारखं पसरतं, आणि डाग पाहूनच माणूस घाबरतो.

शनिवारी संध्याकाळी गाडी मिळाली. पिवळा दिवा विझला होता आणि खालून इंजिन धुऊन चकचकीत केलं होतं. एका खोक्यात काळी पडलेली, झिजलेली क्लच प्लेट होती. "जुना माल तुमच्यासमोर ठेवतो, आपल्याकडे लपवाछपवी नाही." हिशेब एका कोऱ्या चिठ्ठीवर: सील १,२००, क्लच सेट ७,८००, ऑइल आणि किरकोळ २,५००, मजुरी ६,०००. एकूण साडेसतरा हजार. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लावला तर अठरा टक्के वर जातील मॅडम, कशाला?" मी यूपीआयने पैसे दिले आणि निघाले. प्लेटचं खोकं त्याने डिकीत ठेवलं.

तीन आठवड्यांत डाग परत आला, दिवाही परत लागला. फोन केला तर उत्तर तयार होतं: "सील ओके आहे, आता चेंबर लीक असेल. घेऊन या, सहा हजारांत करून देतो." चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी.

आता मला शंका आली होती, पण ती घेऊन मी चुकीच्या दाराशी गेले. गॅरेजवाल्यांवर अवलंबून राहायचं नाही, आपणच घरी तपासायचं, असं ठरवून मी ऑनलाइन जाहिरात पाहून १,२९९ रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. जाहिरातीत लिहिलं होतं की ऑइल लीक, सील, गास्केट सगळं मोबाइलवर दिसेल, आता मेकॅनिक तुम्हाला फसवू शकणार नाही. मी नुकतीच फसले होते, आणि ते वाक्य माझ्यासारखीसाठीच लिहिलेलं होतं. हाती आला तो काडेपेटीएवढा डबा. खोक्यावर ईएलएम ३२७, व्हर्जन १.५ असं छापलेलं. लीकचा कुठे पत्ता नाही. परत करायला गेले तर विक्रेत्याचं पान गायब, आणि खोक्यातल्या चिठ्ठीवरचा नंबर लागत नव्हता.

ईएलएम ३२७ ही मुळात एका कॅनेडियन कंपनीची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीची नक्कल झाली आणि तेव्हापासून बाजारात नकलाच जास्त आहेत. मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. म्हणजे खोक्यावर छापलेला आकडाच नक्कल असल्याची कबुली देत होता. नक्कल साधे कोड वाचायला बरेचदा चालते, माझ्याही गाडीचा कोड तिने वाचला. पण अस्सल असो वा नक्कल, वीस हजारांचा असो वा हजाराचा, स्कॅनरला गळणारं तेल दिसत नाही. तो इंजिनाच्या संगणकाशी बोलतो, आणि त्या संगणकाला सेन्सर सांगतील तेवढंच कळतं: कूलंटचं तापमान, ऑक्सिजन सेन्सर, कुठल्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडली नाही वगैरे. पॅकिंगवर (म्हणजे गास्केटवर), सीलवर सेन्सर नसतो. माझ्या गाडीसारख्या लहान गाड्यांत तेलासाठी असतो तो फक्त दाबाचा स्विच. तेलाचा दाब पडला की लाल दिवा लागतो, आणि तो लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करायचं, पुढच्या पंपापर्यंत न्यायचं नाही. पण तोवर बरंच तेल गेलेलं असतं. गळतीचा इशारा देणं हे त्या दिव्याचं काम नव्हे.

तरीही त्या डब्याने नकळत एक उपकार केला. कोड तोच निघाला, पी०३०१. या वेळी समोर दुसऱ्याने धरलेला टॅब नव्हता, म्हणून मी अर्थ शोधला. हा कोड सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच असतो: पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही. लीकेजचा त्यात शब्दही नाही. आणि जुलैत दिवा विझला होता तो दुरुस्तीने नव्हे. स्कॅनरने कोड पुसला की दिवा जातो, आणि बिघाड तसाच असेल तर काही दिवसांनी पुन्हा लागतो. विझलेल्या दिव्याला मी दुरुस्तीचा पुरावा समजले होते.

गौरी-गणपतीला गावी गेले तेव्हा वडिलांनी त्यांच्या मित्राला बोलावलं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. आबांनी स्कॅनरकडे पाहिलंही नाही. सकाळी थंड गाडीचं बोनेट उघडून त्यांनी आधी डिपस्टिक पुसून तेल पाहिलं. मग दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावून खाली गेले. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाणाऱ्याला ते उभंही करत नाहीत. दोन मिनिटांत खालून आवाज आला, "पोरी, गिअरबॉक्स उतरवला कोण म्हनलं तुला?"

मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी मला खाली वाकायला लावलं आणि टॉर्चचा उजेड टाकला. गिअरबॉक्सच्या बोल्टवर वर्षानुवर्षांचा लाल चिखल वाळून बसला होता, त्याखाली गंज. "ह्याला पाना लागला असता तर कोपरं चमकलं असतं. आन् गिअरबॉक्स काढायचा म्हंजे अ‍ॅक्सल काढायला लागत्यात, त्याच्या आदी गिअर ऑइल सोडायला लागतंय. ह्यो ड्रेन प्लग बघ. गाडी घेतल्यापास्नं कुनी हात लावला न्हाई ह्याला."

मी तिथेच जमिनीवर बसले. चुकीचं निदान झालं असेल इतपत माझी तयारी होती. पण काम केलंच नव्हतं. खालून इंजिन धुतलं होतं आणि कोड पुसला होता, एवढ्याचे साडेसतरा हजार.

डिकीतली क्लच प्लेट आबांनी हातात घेतली, वीत लावून पाहिली. "ही टेंपोची हाय. तुज्या गाडीच्या बेल हाउसिंगात मावायची न्हाई ही." बेल हाउसिंग म्हणजे क्लच ज्यात बसतो ते कवच.

मग त्यांनी तेल कुठून येतंय ते शोधलं, आणि तो तास मला विसरता येत नाही. ते म्हणाले, तेल वरून खाली येतं, आणि गाडी पळत असली की वारा त्याला मागं ढकलतो. म्हणून थेंब जिथे लोंबतो तिथे भोक असतंच असं नाही. शोध वरून सुरू करायचा. इंजिन थंड असताना ब्रश आणि डिग्रीजरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) वरचा भाग, मागची बाजू आणि खालचा जोड पुसून कोरडं केलं. पाण्याचा फवारा मारू दिला नाही, ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलमध्ये आणि अल्टरनेटरमध्ये पाणी जातं म्हणून. मग आईच्या फडताळातली टाल्कम पावडर मागवली आणि सगळ्या जोडांवर भुरभुरली. मी गाडी मल्हारपेठपर्यंत नेऊन आणली. परत आल्यावर मागच्या बाजूला टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेपासून काळी ओली रेघ निघाली होती. ती इंजिनाच्या पाठीवरून उतरून थेट त्याच जोडावर येत होती जिथे गॅरेजवाल्याने बोट ठेवलं होतं. त्याने दाखवलेले थेंब खरे होते. म्हणूनच मला खोटं कळलं नाही.

आबांनी पहिल्या सिलिंडरची कॉइल उपसली. प्लगच्या खोबणीत तेल साचलं होतं आणि कॉइलचं रबर तेलाने निथळत होतं. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगबरोबर प्लगच्या नळीची सीलंही कडक झाली होती. त्यामुळेच मिसफायर, त्यामुळेच थरथर, त्यामुळेच पी०३०१. ज्या कोडने मला घाबरवलं तोच स्वस्तातल्या दुरुस्तीकडे बोट दाखवत होता. कराडहून पॅकिंग आणि प्लगची सीलं आणली, ७८० रुपये. आबांनी बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे करत आवळले. जास्त आवळलं की पॅकिंग दबून पुन्हा गळतं. इंजिनातला वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काजळीने चोंदला होता तो साफ केला. तो बंद राहिला तर इंजिनातला दाब वाढतो आणि नवं पॅकिंगही तेल सोडतं. मजुरी घेईनात, आईने साडीचोळी आबांच्या घरी काकूंसाठी पाठवली.

माझ्यासारखं कोणी घरी तपासायला साधनं घेत असेल तर पैसे कशावर घालायचे ते सांगते. चांगली टॉर्च, दांड्याचा छोटा आरसा, डिग्रीजर, ब्रश, पावडर आणि रात्री गाडीखाली पसरायला पुठ्ठा. पुठ्ठ्यावर डाग कुठे आणि कुठल्या रंगाचा पडतो यावरून अर्धं काम होतं: काळपट तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी म्हणजे कूलंट, नुसतं पाणी बहुधा एसीचं. सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली तर आधी ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वायसर पाहा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहतं आणि त्यावरच नवा फिल्टर चढवला की तेल येतंच. पावडरनेही सापडलं नाही तर तेलात मिसळायचा यूव्ही डाय आणि त्याची जांभळी टॉर्च मिळते, गळतीची जागा हिरवट पिवळी चमकते. खरं तर गळती शोधायला बनवलेलं साधन हेच. इंजिनामागे नजर पोचत नसेल तर मोबाइलला लागणारा एन्डोस्कोप कॅमेरा उपयोगी पडतो. स्कॅनर घ्यायचा तर कोड वाचायला जरूर घ्या, तेल शोधायला नको. गळती थांबवणारं औषध तेलात ओतायला कोणी सांगितलं तर ते जुनी रबरं फुगवतं एवढंच, फाटलेलं पॅकिंग सांधत नाही.

आणि गॅरेजात कोणी मोठं काम सांगितलं तर आधी म्हणा, "इंजिन पुसा, गाडी फिरवून आणू, मग तेल कुठून निघतंय ते मला दाखवा." गिअरबॉक्स उतरवणार असतील तर उतरवलेला असताना फोटो मागा, किंवा स्वतः जाऊन उभे राहा. काम देण्याआधी बोल्टवर रंगाचा एक ठिपका लावला तर बोल्ट फिरला की नाही ते नंतर कळतं. हे आबांनी शिकवलं.

पुण्याला आल्यावर गॅरेजवाल्याला फोन केला. त्याने काम केल्याचंच नाकारलं. "बिल आहे का तुमच्याकडे?" अठरा टक्के वाचवायला मी जे सोडलं होतं, तेच आता तो मागत होता. तरी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. यूपीआयची नोंद, चिठ्ठीचा फोटो आणि बोल्टचे फोटो जोडले. गॅरेजकडून अजून उत्तर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कागद तयार करते आहे. टेंपोची ती क्लच प्लेट मी टाकून दिलेली नाही. खोक्यासकट डिकीतच आहे.