फ्लॅटमधली छोटी रीफ टाकी, कोल्हापुरात दहा महिने वापरून झाल्यावर

गेल्या डिसेंबरात रीफ टाकीत, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, पाणी भरलं, आता ऑक्टोबर चालू आहे, म्हणजे दहा महिने झाले. त्याआधी चार महिने नुसतं प्लॅनिंग चाललं होतं. घरातले म्हणायचे अरे मासे कधी आणणार, आणि मी आपला वहीत पाण्याची गणितं मांडत बसलेलो. ते चार महिने वाया गेले नाहीत हे आज लै बरं वाटतंय. उलट जिथं गडबड झाली ती प्लॅनिंगमध्ये सुटलेल्या गोष्टींमुळंच झाली. फ्लॅटमध्ये पहिली रीफ करायची असेल तर मासे आणि कोरल शेवटी बघा. आधी गोडं पाणी कुठून येणार, उन्हाळ्यात टाकी गार कशी राहणार आणि लाईट गेली तर काय, ही तीन उत्तरं पाहिजेत.

आम्ही कळंब्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतो. टाकी दोन फूट लांब, रुंदी-उंची सव्वा सव्वा फूट, मागं फिल्टरचा कप्पा, पाणी साधारण ७५ लिटर. पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड सगळं धरून दीडशे किलोच्या आत बसलं, तरी हॉलच्या मधे न ठेवता बीमच्या वर भिंतीला लागून ठेवली. स्टँड उद्यमनगरात लोखंडी चौकोनी पाईपचा करून घेतला, पावडर कोटिंग करून. काम एकदम दणकट, पण एका जोडावर कोटिंग उडालं होतं तिथं खारे थेंब पडून तीन महिन्यात गंज धरला. तो भाग घासून एपॉक्सी प्रायमर मारला, तेव्हापासून काही नाही. प्लायचा स्टँड मात्र घेऊ नका, कडा फुगतात. आणि वायर प्लगकडं जाताना खाली झोळ सोडा, कारण मिठाचं पाणी वायरवरून सरकत थेट सॉकेटपर्यंत जातं, मी स्वतः पांढरा थर बघितलाय.

आता पाणी. सुरुवातीला मी घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरलं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ३८ दाखवत होता, म्हटलं एवढं चालतंय. फेब्रुवारीत सगळी वाळू तपकिरी झाली, रोज पुसायची आणि रोज परत. ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. नवीन टाकीत थोडे येतातच, पण आरओमधून सुटलेलं सिलिकेट त्यांना खायला मिळत होतं. मग वेगळा आरओ घेऊन त्याच्या पुढं उरलेले क्षार शोषून घेणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज लावलं, मीटर शून्यावर आला आणि तीन आठवड्यात वाळू परत पांढरी. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला आणि झाडांना जातं. मीठ लिटरला साधारण ३७ ग्रॅम, दर रविवारी १० लिटर पाणी बदलतो म्हणजे ३७० ग्रॅम, २० किलोची बादली जेमतेम वर्षभर पुरते.

सगळ्यात मोठा दणका बसला मार्चमध्ये. झोअँथिड्स, म्हणजे ते बटणासारखे छोटे गोल कोरल, चार दिवस मिटून बसले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ५, तापमान २६, खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर म्हणतोय १.०२५ (गोड्या पाण्याची घनता १ धरून), सगळं बरोबर आणि तरी उघडेनात, मला झोप नाही. शेवटी राजारामपुरीतल्या मित्राकडून ३५ पीपीटीचं (हजार भागात ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन सोल्युशन, म्हणजे यंत्र तपासायचं ठरलेल्या खारेपणाचं पाणी, आणलं. त्याचा एक थेंब यंत्राच्या काचेवर टाकला, झाकण दाबलं, खिडकीकडं तोंड करून बघितलं तर निळी-पांढरी रेघ १.०२६ च्या जागी १.०२३ वर. म्हणजे माझं यंत्र कमी दाखवत होतं आणि टाकीत खरा खारेपणा होता १.०२८! मी ते आरओच्या पाण्यावर शून्याला सेट केलं होतं, पण शून्याला बरोबर दाखवणारं स्वस्तातलं यंत्र ३५ ला बरोबर असेलच असं नाही. रोज दीड लिटर खारं पाणी काढून तेवढंच गोडं घालत पाच दिवसात खाली आणलं, एकदम नाही. सहाव्या दिवशी सकाळी लाईट लागली आणि कडेची तीन बटणं उघडली, मधे हिरवं आणि कडेला नारिंगी झालर, दुपारपर्यंत सगळा दगड फुललेला. ते सोल्युशन पहिल्या खरेदीतच घ्या.

उन्हाळ्याचं सांगतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी चारला हॉलमध्ये ३५ आणि टाकीत ३०.८. लेदर कोरल मान टाकून पडलेला. पाणी गार करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून मी आधी कॉम्प्युटरमध्ये असतात तसले दोन १२ व्होल्टचे छोटे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावले, तापमान कंट्रोलरला जोडले, २७.५ ला चालू आणि २६.८ ला बंद. तीन अंशांचा फरक पडला, आणि लेदरनं दोन दिवसात मान वर काढली. पण याची किंमत पाण्यात मोजावी लागते. आधी रोज लिटरभर पाणी उडायचं, ते पंख्यानं तीन लिटरवर गेलं. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच, आणि ७५ लिटरमधलं तीन लिटर एक दिवस घालायचं राहिलं तर खारेपणा १.०२५ वरून १.०२६ वर जातो. दोन दिवस गावाला गेलो तर काय होईल बघा. म्हणून उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप घेतला, १५ लिटरच्या कॅनवर, उन्हाळ्यात पाच दिवस जातात. मागच्या कप्प्याच्या काचेवर मी लाल टेपची खूण केलीय, आईला सांगून ठेवलंय की पाणी त्या खुणेच्या खाली दिसलं की मला फोन कर, खाऱ्या बादलीला हात लावू नको. ती रोज देवपूजा झाली की पहिलं तिकडं बघते. पावसाळ्यात हवाच दमट असते, पंख्यांचा उपयोग कमी, पण तेव्हा गरजही नसते. थंडीच्या रात्री १०० वॅटचा हीटर पुरला.

जुलैत एका रात्री अकराला लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलवत ठेवणारा पंप, घरच्या इन्व्हर्टरवर होता, पण त्याच्यावर बेडरूमचे पंखेही चालू, पहाटे चारला बॅटरी बसली. मी उठलो ते एअर पंपाच्या घरघरीनं. करंट गेला की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप लावून ठेवला होता त्याचा हा आवाज. पाणी हललं नाही तर ऑक्सिजन संपतो आणि मासे काही तासात जाऊ शकतात, त्यामुळं हा पंप माझ्या मते टाकीवरच्या लाईटपेक्षा महत्त्वाचा. त्या दिवशी खायला काही दिलं नाही. मासे वाचले, कोरलही.

कोरल कुठले, हे सगळे विचारतात. फक्त सॉफ्ट, म्हणजे कडक सांगाडा नसलेले: झोअँथिड, मशरूम, लेदर. दगडासारखा सांगाडा करणारे सगळे हार्ड कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, सी फॅन आणि समुद्री घोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. मला एका विक्रेत्यानं हार्ड कोरल दाखवला, "सगळे घेतात की" म्हणाला, मी नको म्हटलं. मालवणला स्नॉर्कलिंग करताना पोरीला जे कोरल दाखवले, १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे, ते तिथंच राहावेत असं मनापासून वाटतं, मग घरात तेच कुठून तरी तोडून आणलेले कसे ठेवायचे. लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रातून जिवाणूंसकट आणलेला दगड, तोसुद्धा बऱ्याचदा मेलेल्या कोरलचा सांगाडाच असतो, म्हणून दगड कृत्रिम घेतले. त्यावर माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला वेळ लागला, बाटलीतला अमोनिया घालून तो एका दिवसात शून्य व्हायला पाच आठवडे गेले. घाई केली नाही. जानेवारीच्या शेवटी हॅचरीत वाढवलेली क्लाउनफिशची जोडी पुण्याहून थर्माकोलच्या पेटीत आणली. पिशवीतलं पाणी १.०२० होतं, म्हणून नळीनं थेंब थेंब टाकीचं पाणी घालत तासभर घालवला. संध्याकाळी दोघांनी दाणा खाल्ला. आता मोठा मासा मादी झालाय, छोटा नर, क्लाउनफिशमध्ये सगळे आधी नर असतात आणि जोडीतला मोठा मादी होतो.

एक गोष्ट जीवावरची आहे म्हणून लिहितो. झोअँथिड आणि त्यांच्या भावकीतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कापू नका, आणि त्यांचा दगड कधीही गरम पाण्यात टाकू किंवा उकळू नका, वाफेतून आख्खं घर आजारी पडू शकतं. आमच्या पोरीला काचेला हात लावायची मुभा आहे, पाण्याला नाही. कामाच्या मावशींना फिनेलचा हात टाकीच्या जवळ नको हे पहिल्याच दिवशी सांगितलं. डासांचा स्प्रे हॉलमध्ये बंद. गणपतीत मूर्ती दुसऱ्या कोपऱ्यात बसवली आणि धूप-कापराच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवल्या.

खर्च एकूण ४८ हजारांच्या घरात गेला, लाईटचं बिल महिन्याला साधारण ४० युनिटनं वाढलं. हार्ड कोरल नाहीत म्हणून कॅल्शियम वेगळं घालावं लागत नाही, आठवड्याच्या पाणीबदलात भागतं, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८ dKH च्या आसपास टिकून आहे. परत करायची झाली तर मागचा कप्पा मोठा करून घेईन आणि वेव्हमेकरला वेगळी छोटी बॅटरी देईन, पंख्यांशी वाटून नाही. पोरगी तिसरा मासा आणूया म्हणून मागं लागलीय, पण ७५ लिटरला ही जोडी पुरे, तिला त्याऐवजी दोन गोगलगायी आणून दिल्यात. रात्री त्या काचेवरचं शेवाळ खात फिरतात आणि सकाळी ती त्यांच्या वाटा बोटानं गिरवत बसते.