परसातला अतिनील दिवा : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मिरगाच्या तोंडावर मी अतिनील प्रकाशाची एलईडी पट्टी मागवली. घर चिपळूणच्या बाहेर, मागे परस. माड, केळी, अनंत, तगर आणि आईने कुंपणावर चढवलेली गुळवेल. रात्री उजेडाकडे झेपावणारे कोणकोणते पतंग आणि किडे इथे येतात याची रीतसर नोंद ठेवायची, एवढंच मनात होतं. आता मार्च संपत आलाय, दुसरी वही सुरू आहे आणि हे घेऊ पाहणाऱ्यांना सांगण्यासारखं बरंच साठलंय.

दिवा ३६५ नॅनोमीटरचाच घ्या. मी आधी स्वस्तातला ३९५ चा आणला होता. त्याने सगळं अंगण जांभळं व्हायचं आणि फोटोतला प्रत्येक पतंग वांग्याच्या रंगाचा दिसायचा. ३६५ चा आपल्या डोळ्यांना मंद वाटतो, पण पतंगांना अतिनील प्रकाश दिसतो, त्यांच्यासाठी तो पुरेसा असतो. मात्र दिव्याकडे थेट बघू नये, मुलं जवळ असतील तर खास लक्ष ठेवावं. पॉवर बँकेवर चालत असल्याने वीज गेली तरी काम अडत नाही. तक्रार एकच. पावसात चालेल असं सांगून विकलेल्या पट्टीत आषाढातच पाणी शिरलं आणि विक्रेत्याने ती बदलून दिली नाही. दुसरीवर मी डब्याचं झाकण आडवं बांधलंय, ती अजून शाबूत आहे.

दिव्यामागे पतंगांना बसायला पांढरी चादर पडद्यासारखी टांगावी लागते, त्याला मांजरपाट उत्तम. खालचा काठ हातभर जमिनीवर पसरू द्या, कारण निम्मे पाहुणे खालीच उतरतात. काठाला सेंटिमीटरची कापडी पट्टी शिवून घेतली, म्हणजे फोटोत आकार आपोआप कळतो. फोटो काढताना बाजूने साध्या पांढऱ्या बॅटरीचा उजेड धरावा.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात २०१२ पासून पतंग सप्ताह साजरा होतो. कोकणात तो ऐन पावसात येतो. पण पावसाने तासभर उघडीप दिली, वारा पडला, वर मळभ असलं की पडदा भरून जातो. कोजागरीला स्वच्छ चांदण्यात मोजून चार पतंग आले, पुढच्या अमावस्येला मोजायला दोघं लागलो. शेणकिडे, नाकतोडे, खंडोबाचा घोडा हेही येतात. खांबावरची पाल तर रोजचीच.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. पहिल्या महिन्यात दिवा रात्रभर चालू ठेवायचो. एकदा पहाटे उठून पाहिलं तर कोतवाल आणि बुलबुल पडद्यावरून एकेक पतंग टिपत होते आणि खाली नुसते पंख पडलेले. फार वाईट वाटलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनच रात्री, साडेसात ते साडेदहा. मग दिवा बंद करून चादर हलक्या हाताने झुडपांवर झटकतो.

ओळख पटवणं हे खरं कष्टाचं काम. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत आणि मराठी नावं फारच थोड्यांना. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकतो, ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ संकेतस्थळाशी ताडून बघतो. सुरुवातीला मोबाइलने सुचवलेलं पहिलं नाव मी घाईने स्वीकारायचो, जाणकारांनी दुरुस्त केलं. आता खात्री नसेल तर कुळापर्यंतच लिहितो.

पण या दिव्याने मला दिवसा पानं उलटून बघायला लावलं, ही त्याची सगळ्यात मोठी देणगी. गुळवेलीवर डोळ्यांसारखे ठिपके असलेली, अंग मुडपून बसणारी अळी सापडली. तिचा पतंग म्हणजे टोकदार सोंडेने फळाची साल भोसकून रस पिणारा. विदर्भ-मराठवाड्यातले संत्रा-मोसंबीचे बागायतदार त्याला चांगलं ओळखतात. आमच्याकडे संत्री नाहीत, म्हणून गुळवेल त्याला मोकळी सोडलीय.

आणि तगर! आई दरवर्षी तिच्यावरच्या जाड हिरव्या अळ्या काढून टाकायची. सप्टेंबरअखेर मी एक मागून घेतली. शेपटाकडे शिंग, मानेमागे दोन निळे डोळे, दिवसाकाठी सात-आठ पानं फस्त. तिसऱ्या दिवशी अंग तपकिरी पडलं आणि ती खाली उतरून फिरायला लागली. बरणीत ओलसर माती नि सुकी पानं घालून वर मलमल बांधली. बाराव्या रात्री आईनेच हाक मारली, “अरे, ये लवकर, हलतंय काहीतरी!” काडीला लटकलेला चुरगळलेला जीव. बघता बघता पंख भरत गेले, हिरवे, मधून गुलाबी, पावसात शेवाळ धरलेल्या गडग्यासारखे. जुलैपासून पडद्यावर तीनदा नोंदलेला तोच हा कण्हेरीचा पतंग.

तासाभराने बरणी पडवीच्या कठड्यावर ठेवली, मलमल काढली. वहीत त्या रात्रीची नोंद आईच्या अक्षरात आहे: “९.४०. तगरीवरून गेला, माडाकडे.”