दोन तारे की प्लेट सॉल्विंग?

गो-टू दुर्बिणीचा (म्हणजे मोटरने आपोआप ताऱ्याकडे वळणाऱ्या दुर्बिणीचा) नेम सुधारायचा तर मी अजून दोन ओळखीचे तारे तिला मधोमध धरून दाखवण्यावरच विसंबतो. रोहिणी आणि मघा घ्या, दोघांत सुमारे ८० अंशांचं अंतर आहे. तारा मधोमध आणताना शेवटची बटणं दर वेळी त्याच दिशेची दाबा, म्हणजे दातेरी चाकांतली ढिलाई आड येत नाही.

प्लेट सॉल्विंगमध्ये दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याचा फोटो लॅपटॉपवर तारकासूचीशी ताडला जातो आणि दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते कळतं. सूची आधीच उतरवली असेल तर मेळघाटात रेंज नसली तरी चालतं. लॅपटॉपची बॅटरी मात्र सांभाळा.

खरी गोम आपल्या काळ्या मातीत! पऱ्हाटीच्या वावरात तिपाई हळूहळू खचते. मग दोन तारे पुन्हा धरावे लागतात. प्लेट सॉल्विंगला नवा फोटो पुरतो. मी तिपाईच्या पायांखाली फरशीचे तुकडे ठेवतो.