हातपंपाचा कपिंग सेट: आठ महिने वापरल्यावर

कपिंग म्हणजे कातडीवर कप टेकवून आतली हवा ओढून घ्यायची, की कातडी कपात वर ओढली जाते. माझा बारा कपांचा, पिस्तुलासारख्या हातपंपाचा साधा सेट. धावण्याच्या सरावानंतर आठवड्यातून एकदा मांडी, पोटरी आणि पाठीवर वापर. बारापैकी नऊ कप अजून धड आहेत.

बिघडतो तो कपावरचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा अडवणारी झडप. टोकाशी इवलासा रबरी वायसर असतो. त्यात तेल गेलं की तो फुगतो, मग कप दोन मिनिटांत सुटून टपकन पडतो. म्हणून तेल फक्त काठ टेकतो तिथे, तेही बोटभर. पोटरीवर केस असले की हवा शिरतेच. तिथे कोरफडीची जेल आणि लहान कप. धुवायला साबण-पाणी पुरतं. सारखं स्पिरिटने पुसलं तर प्लास्टिकवर बारीक चिरा पडतात.

पहिल्या वेळी पंपाचे दोनच झटके, वेळ ३ ते ५ मिनिटं. कातडी कपात अर्ध्या पेराएवढी वर आली की थांबायचं. ओढ जाणवावी, ठणका नको. सवय झाल्यावर ८-१० मिनिटं ठीक. हात शिवशिवतात आणि आणखी दोन झटके मारले जातात. पाण्याचे फोड येतात ते त्यानेच. काढताना कप उपटायचा नाही, वरची दांडी उचलायची. फुस्स होऊन आपोआप सुटतो.

कप काढल्यावर उरणाऱ्या गोल डागांचं कौतुक 2016च्या रिओ ऑलिंपिकपासून, जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर ते दिसल्यामुळे. ते डाग म्हणजे केशवाहिन्या फुटून कातडीखाली साकळलेलं रक्त. ‘जितका काळा डाग, तितकं विष बाहेर’ हे सेटसोबतच्या पत्रकातलं वाक्य निव्वळ थाप. ओढ जास्त, डाग गडद, इतकंच. आठवडाभरात जातात, डाग असेपर्यंत त्याच जागी पुन्हा कप नको.

आपल्याकडे तुंबडी, म्हणजे असाच ओढ देणारा प्रकार, जुनीच. सुश्रुतसंहितेतही कपाच्या जागी शिंग आणि भोपळा आहेत. पण ते रक्त काढण्यासाठी. चिरे देण्याचा तो प्रकार घरी अजिबात करू नये.

गुण? लांब पळून आखडलेली मांडी दीडेक दिवस मोकळी वाटते. वेग तसूभर वाढत नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी लावू नये, जागा हुळहुळी राहते. फुगलेल्या शिरा, जखम, मानेची पुढची बाजू, गुडघ्यामागची लवण इथे कप नाहीच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सेट घेऊच नये.

सोबतची चुंबकाची टोकं डब्यातच पडून आहेत. त्याऐवजी चार जादा वायसर दिले असते, तर ते तीन कप आजही चालले असते.