बगझिला सोडून गिटलॅब: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः बगच्या नंबरांबद्दल

होस्टिंगवाल्यांनी न सांगता सर्व्हर अपग्रेड केला, पर्ल भाषेची मोड्यूल्स तुटली आणि त्यांवर चालणारा आमचा बगझिला, म्हणजे चुकांच्या (बगच्या) नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम, बंद पडला. बॅकअप हातात यायला नऊ दिवस गेले. तेव्हाच ठरवलं, आता डागडुजी बास. हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमसाठीचा आमचा मराठी कोश छोटा, राबणारे चौघे, पण बारा वर्षांचे १,३८६ बग बगझिलात होते.

कोड आणि बग एकत्र ठेवणाऱ्या दोन प्रोग्रॅमांपैकी एक निवडायचा होता, गिटी किंवा गिटलॅब. गिटी हलकं, जुन्या १ जीबीच्या सर्व्हरवर चाललं असतं. मी त्याच्याच बाजूचा होतो, कारण बिल मी भरतो. पण जुन्या कोडच्या नोंदींत बगचे नंबर लिहिलेले, ते तसेच राहायला हवे होते, आणि गिटीच्या एपीआयमधून (स्क्रिप्टने माहिती भरायच्या वाटेतून) इश्यूचा, म्हणजे बगच्या नोंदीचा, नंबर आपल्याला ठरवता येत नाही. गिटलॅबमध्ये प्रोजेक्टच्या मालकाला इश्यू तयार करताना आयआयडी (इश्यूचा नंबर) आणि मूळ तारीख दोन्ही देता येतात. मर्ज रिक्वेस्टच्या (कोडमधला बदल स्वीकारा या विनंतीच्या) नंबरांची रांगही वेगळी, त्यामुळे टक्कर नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने २०१४ मध्ये बगझिलावरून फॅब्रिकेटर या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमवर जाताना प्रत्येक नंबरात २००० मिळवले, बग १ झाला टी२००१. तेही चांगलंच, पण आमचा २१४ हा २१४च राहिला.

पहिला महिना मात्र मी वैतागलो होतो. गिटलॅबला ४ जीबी रॅम लागली आणि बिल जवळजवळ तिप्पट झालं. एपीआयने भरलेले सगळे बग माझ्याच नावावर दिसू लागले. ज्यांनी ते कळवले होते त्यांची खाती इथे नव्हती, म्हणून स्क्रिप्ट पुन्हा चालवून प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत मूळ नाव घातलं. ते केलं नसतं तर त्या लोकांवर अन्याय झाला असता. 'हा बग त्या बगमुळे अडलाय' हे नातं फुकटच्या आवृत्तीत नाहीच, फक्त 'संबंधित' म्हणता येतं. आमच्या बगझिलात हे होतं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मत बदललं जूनमध्ये. एका नव्या मुलाने एएफएफ फाइलमधली (हनस्पेलच्या नियमांच्या फाइलमधली) आयकॉन्व्हची, म्हणजे शोधण्याआधी अक्षरं बदलून घेणारी, एक ओळ निरुपयोगी समजून काढायला घेतली. मी ब्लेम पाहिलं, म्हणजे ती ओळ कुठल्या बदलात आली ते. २०१५ च्या कमिटमध्ये (त्या बदलाच्या नोंदीत) एवढंच होतं: '#२१४ दुरुस्त'. त्यावर क्लिक केलं तर थेट तो बग उघडला. 'दुसऱ्या' मधला अर्धा र काही कीबोर्ड र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा लिहितात, काही नुक्तावाला ऱ आणि हलन्त असा. दिसायला दोन्ही एकच, पण कोशात एकच रूप, म्हणून दुसऱ्या रूपाखाली लाल रेघ यायची. 'वाऱ्यावर', 'दऱ्या', 'सुऱ्या', सगळीकडे. ती ओळ एका रूपाचं दुसरं करून मग कोशात शोधते. नंबर सरकले असते तर तोच दुवा भलत्याच बगवर गेला असता आणि ओळ त्याच दिवशी उडाली असती.

आणखी एक, गिटलॅबमधली सर्व्हिस डेस्कची सोय. ठरलेल्या पत्त्यावर मेल टाकली की तिचा इश्यू होतो, खातं काढावं लागत नाही. सांगलीच्या एक मुद्रितशोधक बाई पूर्वी मला फोनवर शब्द सांगायच्या, मी ते टिपून घ्यायचो. आता त्या स्क्रीनशॉटसकट मेल करतात, आतापर्यंत ३१ झाल्या, आणि उत्तरही त्यांना मेलमध्येच जातं.

सर्व्हरचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. ४ जीबीचाच घेतोय, या वेळी वर्षभराचे पैसे एकदम भरून.