जुने फोटो स्कॅन करून पुस्तक करून देणारी सेवा: काम नेटकं, पण ‘चेहरा सुधारणा’ बंद ठेवायला सांगा

आजी गेल्यावर तिच्या फोटोंचं पुस्तक करून प्रत्येक नातवंडाला एकेक प्रत द्यायचं ठरलं आणि हे काम बाहेर दिलं. कुणाला दिलं ते लिहीत नाही, कारण खाली तक्रार आहे.

आधी चांगलं. आमचे बरेचसे फोटो त्या चिकट पानांच्या, वर पारदर्शक प्लास्टिक असलेल्या अल्बममध्ये होते. त्यातला गोंद वर्षानुवर्षं असा धरून बसतो की फोटो ओढला की फाटलाच. तिथल्या माणसाने दातांत घालायचा दोरा फोटोखालून मागेपुढे सरकवत एकेक फोटो सोडवला. जे सुटेनात ते पानासकटच स्कॅन केले. लहान फोटो मोठे छापायचे म्हणून 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन, आणि मूळ फाइली टिफमध्ये (चित्राचा दर्जा न घटवता साठवणारा फाइल-प्रकार) वेगळ्या. हे न मागता दिलं. तांबूस पडलेले रंगीत फोटोही बरेच सावरले. जुन्या प्रिंटमधला निळसर रंग आधी विरतो, म्हणून सगळं घर लाल दिसायला लागतं.

आता तक्रार. पहिल्या नमुना प्रतीत आजी गुळगुळीत झाली होती. गालावरचे देवीचे व्रण सॉफ्टवेअरने धुळीचे डाग समजून पुसले. चष्म्याची मोडकी काडी ती काळ्या दोऱ्याने बांधून वापरायची, नवी घेऊ दिली नाही कधी. तो दोराही ओरखडा समजून गायब! आईने पान बघून विचारलं, “ही कोण गं?”

दुसरी गोष्ट, आपोआप होणारी काटछाट. जन्मभर घर सांभाळलेली बाई फोटोत मधोमध नसतेच. मागे दारात अर्धी दिसते, नाहीतर कडेला नुसता तिचा हात, बाळाला उभं धरणारा. मशीन बाळ मधोमध घेतं आणि हात कापून टाकतं. आम्हाला तो हातच हवा होता. सांगितल्यावर सगळी पानं जास्तीचे पैसे न घेता परत लावून दिली, कुरकुर नाही. वेळ मात्र गेला.

सगळ्यात सरस झाली ती शेवटची पानं, तिच्या वहीची. सिलिंडर लावल्याच्या तारखा, नातवंडांच्या लसी, कुणाला उसने दिले, समासात झबल्यांची मापं. एका ओळीवर काट मारून पुढे ‘मिळाले’, आणि त्याखाली दोन रेघा. कागदाचा पिवळेपणा काढू नका असं बजावलं होतं, ते त्यांनी पाळलं. मुलं फोटोंपेक्षा इथेच जास्त रेंगाळतात. जो तो स्वतःचं नाव शोधतो.

पाचपैकी साडेतीन. बांधणी सपाट उघडणारीच घ्या, नाहीतर जोडपानावरचा एखादा चेहरा घडीत जातो. आणि चेहरा सुधारणा व आपोआप काटछाट, दोन्ही नको, हे ऑर्डरवर लेखी द्या. तोंडी सांगितलेलं मशीनपर्यंत पोचत नाही.