बुडत्या टीमला मोठ्या नावाचा कोच: पैसे वसूल होतात का?

बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, कॉलेजची फुटबॉल टीम दोन-तीन वर्षं पहिल्याच फेरीत घरी परतली की जिमखाना कमिटीत एक ठराव हमखास येतो: "नाव असलेला कोणतरी आणूया की!" मग नावं निघतात. चोर्ला घाटापलीकडचा गोव्याचा जुना प्रोफेशनल, नाहीतर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर गाजलेला स्ट्रायकर. अमेरिकेतल्या कॉलेजांनी गेल्या पाच-सहा वर्षांत हाच माल डोळे पांढरे होतील अशा भावानं विकत घेतलाय आणि तिथले निकाल आता समोर आहेत. तेव्हा हा रिव्ह्यू त्या मालाचा. पैसे कशाचे जातात, हातात काय पडतं, आणि त्यातलं आपल्या लाल मातीवर काय टिकेल.

तिथलं फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. बॉल हातात, डोक्यावर हेल्मेट, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्यांना. खेळ वेगळा, पण टीम बांधायची भानगड सगळीकडे एकच.

सगळ्यात गाजलेल्या मॉडेलपासून सुरुवात करू. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठानं डिसेंबर 2024 मध्ये बिल बेलिचिकना घेतलं. न्यू इंग्लंड पॅट्रियट्स या प्रोफेशनल टीमचे हेड कोच म्हणून 6 सुपर बोल, म्हणजे तिथल्या प्रोफेशनल लीगच्या फायनल, जिंकलेला माणूस. वय 72, कॉलेज टीम कधीच हाताळलेली नाही. करार पाच वर्षांचा, वर्षाला 1 कोटी डॉलर, म्हणजे साधारण 85 ते 90 कोटी रुपये. त्यातली पहिली तीन वर्षं हमीची. 1 सप्टेंबर 2025 ला घरच्या मैदानावर पहिली मॅच झाली आणि टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठानं 48-14 असं धुतलं. सीझन संपला 4 जिंकून 8 हरून. आदल्या वर्षी, जुन्या कोचला काढलं त्या सीझनमध्ये, हीच टीम 6-7 होती. म्हणजे पैसे दिले आणि खाली आले.

असं का झालं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण खोट माणसाच्या अकलेत नव्हती. प्रोफेशनल टीममध्ये 53 पक्के खेळाडू असतात, त्यांचा तोच धंदा, दिवसभर व्हिडिओ बघायला आणि डावपेच घोटायला मोकळे. कॉलेजमध्ये सीझन चालू असताना कोचला अधिकृतपणे आठवड्याला 20 तास मिळतात, दिवसाला जास्तीत जास्त 4. वरून पोरांचे क्लास, परीक्षा. त्यात एका वर्षात सत्तरच्या आसपास नवे खेळाडू भरले. एकमेकांची नावं पाठ व्हायच्या आत मॅच. वीस वर्षं मुरलेली वही वीस तासांत उतरत नाही. आमच्याकडून पाचपैकी दीड, आणि तो अर्धा करारातल्या एका कलमासाठी, त्याबद्दल पुढे.

कोलोरॅडो विद्यापीठाचं मॉडेल जास्त बोलकं आहे. 2022 मध्ये टीम 1-11. डिसेंबरात प्रोफेशनल फुटबॉलचे जुने स्टार डिऑन सँडर्स आले, पाच वर्षांचे 2 कोटी 95 लाख डॉलर. हे नुसते नावाचे नव्हते. त्याआधी तीन सीझन जॅक्सन स्टेट या कॉलेजात कोच म्हणून 27-6 करून आलेले. आल्या आल्या जुन्या पोरांना स्पष्ट सांगितलं की दुसरं कॉलेज बघा, आणि बहुतेक टीम बदलून टाकली. एप्रिल 2023 ची आपसातली सराव मॅच बघायला बर्फात 47 हजार माणूस! सप्टेंबरात आदल्या वर्षीच्या उपविजेत्यांना, त्याच टेक्सास ख्रिश्चनला, 45-42 नं हरवलं. पहिल्या तीन मॅच जिंकल्या, सगळा देश टीव्हीपुढे. पुढच्या नऊपैकी आठ हरले. स्टॅनफर्डविरुद्ध हाफटाइमला 29-0 पुढे असून 46-43 नं हरले. सीझन 4-8.

इथं थोडं थांबूया, कारण या मालातली मुख्य खोट इथंच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल फेकणारा क्वार्टरबॅक हिरो असतो, पण त्याला दोन-तीन सेकंद मिळतात ते पुढच्या पाच जणांमुळे: मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकाला टॅकल. 135-140 किलोचे गडी. त्यांचं काम म्हणजे समोरच्याला अडवून धरणं, बस्स. ना फोटो, ना टाळ्या. या पाच जणांची एक खासियत अशी की ते सुटे विकत घेऊन उपयोग होत नाही. समोरचा आडवा पळत आला तर त्याला गार्डनं सोडायचं आणि टॅकलनं उचलायचं, हे इशाऱ्यावर व्हावं लागतं, आणि ते एकत्र घाम गाळल्याशिवाय होत नाही. वजन वाढवून पायात चपळाई ठेवायला जिममध्ये दोन-तीन वर्षं जातात. ज्यांच्याकडे असे पाच तयार असतात ते त्यांना सोडत नाहीत, आणि बाजारात येतात ते बहुधा दुसऱ्यानं नाकारलेले. मोठं नाव बघून कॅच घेणारे, पळणारे पोरं धावत येतात. अडवणारे येत नाहीत. त्या सीझनला कोलोरॅडोचा क्वार्टरबॅक, म्हणजे कोचचाच मुलगा शेड्युर, पन्नासहून जास्त वेळा बॉलसकट आडवा झाला.

2024 मध्ये डागडुजी झाली आणि टीम 9-4 वर गेली. ट्रॅव्हिस हंटर हल्ला आणि बचाव दोन्हीकडे खेळायचा, त्याला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, मिळाली. मार्च 2025 मध्ये सँडर्सना पाच वर्षांचे 5 कोटी 40 लाख डॉलर असा नवा करार मिळाला. त्याच वसंतात हंटर आणि शेड्युर दोघं प्रोफेशनल झाले, आणि 2025 चा सीझन 3-9. दोन खांबांवरचा मांडव होता तो. तरी आम्ही पाचपैकी तीन देऊ, कारण मेलेल्या मैदानात माणसं आणणं हे काम या मॉडेलनं चोख केलं. तिकिटं, टीव्ही, देणग्या याच हिशेबानं बघायचं तर हा सौदा तोट्याचा म्हणता येत नाही. पण ठरावात "टीम सुधारण्यासाठी" असं लिहून हे घेऊ नका.

स्वस्तातलं मॉडेल हवं असेल तर एक जोडी बघा. डिसेंबर 2024 मध्येच नॉरफोक स्टेटनं मायकल विकला आणि डेलावेअर स्टेटनं डिशॉन जॅक्सनला घेतलं. दोघं फिलाडेल्फिया ईगल्स या प्रोफेशनल टीममध्ये एकत्र खेळलेले, दोघांनाही हेड कोच म्हणून अनुभव नाही, दोन्ही कॉलेजं एकाच लीगमधली. डेलावेअर स्टेट 1-11 वरून 8-4 वर आली. नॉरफोक स्टेट 1-11 वर गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये ईगल्सच्याच स्टेडियमवर समोरासमोर मॅच झाली, तीही जॅक्सननं 27-20 नं मारली. म्हणजे नावाचं वजन सारखं असून निकाल उलटे. फरक पडला तो नावाखाली काय आहे त्यावर. डेलावेअर स्टेटनं बॉल हातात धरून पळवण्यावर जोर दिला, म्हणजे पुन्हा तीच अडवणाऱ्यांची फळी.

आमच्या मते सगळ्यात शहाणी खरेदी टेनेसी स्टेटची, आणि तिचीच चर्चा सगळ्यात कमी. 2021 मध्ये एडी जॉर्ज आले. मोठे रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारे, पण कोचिंग कधी केलेलं नाही. कॉलेजनं त्यांच्या हाताखाली ह्यू जॅक्सन हा प्रोफेशनल टीमचा हेड कोच राहिलेला माणूस हल्ला सांभाळायला दिला. चार सीझन असे: 5-6, 4-7, 6-5, 9-4. दुसऱ्या वर्षी बोंबाबोंब करून हाकललं असतं तर चौथं वर्ष दिसलंच नसतं. पाचपैकी चार. एक कापला, कारण हिशेब जमला आणि 2025 च्या मार्चमध्ये साहेब वरच्या दर्जाच्या कॉलेजला निघून गेले. या मालाची एक्सपायरी अशीच असते, कोच हरला तर तुम्ही काढता, जिंकला तर दुसरा नेतो.

आता आपलं बघू. आपल्या खेळात ते अडवणारे पाच म्हणजे गोलकीपर आणि मागचे चार. आणलेला पाहुणा बहुतेक वेळा जुना स्ट्रायकर असतो, तो आल्या दिवसापासून शूटिंग घेतो, पोरं खूश, प्राचार्य खूश, पेपरात फोटो. आणि गोल खातो आपण कॉर्नरवर, नाहीतर शेवटच्या वीस मिनिटांत पाय गेल्यावर. दुसऱ्याचं कारण साधं आहे. पावसात मैदानाचा चिखल होतो म्हणून जून ते सप्टेंबर सगळा सराव तासाच्या भाड्यावरच्या टर्फवर, पाच-पाच जणांच्या पिंजऱ्यात. तिथं सलग पळावं लागतंय ते पंधरा-वीस मीटर. मग 100 मीटरच्या मैदानावर सेंटर बॅकला मागं वळून 40 मीटर धावायची वेळ आली की पोटऱ्या धरतात. टर्फवर बॉल अडकून येतो, ओल्या मातीवर घसरून येतो, त्यामुळे कीपरचा अंदाज कायम अर्धा पाऊल उशिरा.

तेव्हा पाहुण्याला बोलवायचंच असेल तर त्याच्याशी ही बोलणी आधी करा. त्याच्याकडे फुटबॉल फेडरेशनचं कुठलं लायसन्स आहे? डी, सी, बी, ए आणि वर प्रो अशी ती शिडी आहे, कॉलेजला सी पुरे. खेळाडू म्हणून कितीही मोठा असला तरी लायसन्स नसेल तर त्याला "मार्गदर्शक" म्हणा, फलक लावा, पण सराव दुसऱ्याच्या हातात द्या. त्याच्या मानधनातला तिसरा हिस्सा कापून आधी गोलकीपर कोच बघा. दहा दिवसांचं शिबिर घेऊ नका. दहा दिवसांत दम वाढत नाही, नुसती अंगदुखी वाढते. स्पर्धेआधी आठ आठवडे, आठवड्यातून चार दिवस, दीड तास. त्यातले दोन दिवस वीस मिनिटं फक्त कॉर्नर आणि फ्री किक बचावायच्या: जवळच्या खांबावर कोण, सहा यार्डांत कोण, बाहेर पडलेला दुसरा बॉल कुणाचा, हे नावानिशी ठरवून. 24 पोरांना किमान 12 बॉल, पाच नंबरचे, वजन 410 ते 450 ग्रॅम. ओल्यात भिजून जड झालेला जुना बॉल हेडिंगला देऊ नका, पोरं मान काढून घ्यायला शिकतात. बिब्स दोन रंगांचे, मार्कर चाळीस. आणि फक्की मारायला माणूस. पेनल्टी एरियाची 16.5 मीटरची रेघ सरावाच्या मैदानावर नसेल तर कीपर कुठं हात लावायचा हे मॅचमध्येच शिकतो.

मैदानाबाहेरची एक गोष्ट तर कुठलाच सेलिब्रिटी सोडवत नाही. सीमाभागातल्या कॉलेजात चंदगड-गडहिंग्लजहून आलेला पोरगा असतोच. दुसऱ्या बोर्डाचा, म्हणजे मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी दोन्ही कागद आले. शिवाय नावाचा घोळ. दहावीच्या मार्क्स कार्डावर एकाचं आडनाव पुढे आणि वडिलांचं नाव मधे, दुसऱ्याचं नाव आधी आणि मागे नुसती इनिशियल, आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. विद्यापीठाच्या प्रवेशिकेवर यातलं काय टाकायचं ते क्रीडा संचालकानं जुलैतच ठरवावं. नाहीतर ऐन स्पर्धेत टेबलावर हरकत येते आणि तुमचा सगळ्यात चांगला स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीतला मधला गडी, बाकावर बसतो. आणि ज्यांना पलीकडचं मैदान खुणावतं त्यांना आधीच सांगून ठेवा: बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडून खेळलं तर आंतरविद्यापीठात दक्षिण विभाग, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडून पश्चिम विभाग. शे-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात प्रतिस्पर्धी सगळे बदलतात.

भाषेची काळजी करू नका. मागच्या फळीत एक मराठी, एक कन्नड आणि कॅम्पातला एक हिंदी-उर्दूवाला असला तरी "मॅन ऑन" (मागे माणूस आलाय), "अवे" (बॉल लांब मार), "माझा" हे तीन आवाज सगळ्यांना पाठ करून घ्या, बाकीचं हातवाऱ्यांवर भागतं.

राहिलं करारातलं कलम. बेलिचिकना स्वतःहून सोडून जायचं झालं तर 1 जून 2025 पर्यंत विद्यापीठाला 1 कोटी डॉलर द्यावे लागले असते, त्या तारखेनंतर 10 लाख. म्हणजे पहिली भरती होईपर्यंत तरी माणूस बांधलेला. आपण तारीख उलटी लावावी. जिमखान्याच्या पत्रात लिहून घ्या की मानधन तीन हप्त्यांत, पहिला आल्यावर, दुसरा चौथ्या आठवड्याच्या शेवटी हजेरी बघून, आणि तिसरा विद्यापीठ स्पर्धेतली आपली शेवटची मॅच झाल्यावर, सरावाची वही कॉलेजच्या कोचकडे जमा केल्याशिवाय नाही. प्रवास आणि राहणं वेगळं, त्याची बिलं वेगळी. उद्घाटनाचा फेटा-शाल जिमखान्याच्या फंडातून टाकू नका, ते पैसे कीपरच्या ग्लोव्हजचे आहेत.